साहेब बाहेरगावी गेलेत

प्रस्तावना

दिंद्रुडला सकाळी एस.टी.ची वाट पाहणाऱ्या गर्दीत कोर्टाला निघालेला माणूस लगेच ओळखू येतो. बाजाराला निघालेल्याच्या हातात रिकामी पिशवी असते. याच्या पिशवीत कागद असतात आणि ती तो खाली ठेवत नाही. अंगात ठेवणीतला सदरा, बोलणे कमी. माजलगावला उतरला की कोर्टाच्या आवारात शिरण्याआधी तो वकिलाच्या ऑफिसात डोकावतो. टेबलामागचा मुन्शी मान वर न करता सांगतो, "साहेब बाहेरगावी गेलेत. आज तारीख घेऊन टाकू."

तिथेच त्याचा दिवस संपतो. गाडीभाडे गेले, रोज बुडाला, उसाला पाणी द्यायचे राहिले. घरी गेल्यावर सांगायला एवढेच उरते, की पुन्हा तारीख मिळाली.

हे पुस्तक मुन्शीच्या त्या वाक्याबद्दल आहे. वकिलीचे ऑफिस कसे चालवावे, कसे वाढवावे, एकट्याच्या वकिलीची फर्म कशी व्हावी, असा त्याचा विषय सांगता येईल आणि अनुक्रमणिकाही तशीच लावली आहे. पण प्रत्येक प्रकरण लिहिताना मी एकच प्रश्न पुढ्यात ठेवला : साहेब नसताना त्या माणसाचे काम पुढे सरकते का? सरकत असेल तर ऑफिस वाढले. नसेल तर खटले दुप्पट झाले, दारात मोठी गाडी आली, वर मजला चढला, तरी वाढली ती साहेबांची धावपळ.

तालुक्याच्या ठिकाणी वकिली करणाऱ्याला 'फर्म' हा शब्द परका वाटतो. फर्म मुंबईत असते, आपले 'ऑफिस' असते, असे आपण म्हणतो. यात नम्रता थोडी आणि सवय जास्त. मुंबईतल्या जुन्या फर्मही एका खोलीतूनच निघाल्या. क्रॉफर्ड बेली १८३० ची, लिट्ल अँड कंपनी १८५६ ची. ज्यांच्या नावाने त्या सुरू झाल्या त्यांना जाऊन पिढ्या लोटल्या, तरी पाटी आहे आणि काम चालू आहे. आपल्याकडे वकील वारला की महिनाभरात ऑफिसला कुलूप लागते आणि फायली नातेवाइकांच्या माळ्यावर जातात. बुद्धी तिथे जास्त आणि इथे कमी, असे काही नाही. तिथे काम कागदावर उतरवून ठेवण्याची पद्धत पडली, इथे ते साहेबांच्या डोक्यात राहिले.

मुंबईत फर्म लवकर रुजल्या याला व्यवस्थेचेही कारण होते. तिथल्या उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत सॉलिसिटर आणि कौन्सेल अशी कामाची विभागणी होती. पक्षकार सॉलिसिटरकडे जायचा, तो कागद तयार करायचा, आणि न्यायाधीशांपुढे उभा राहायचा तो कौन्सेल. वकील कायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीने ही सक्तीची दुहेरी पद्धत संपली. पण दीडशे वर्षांच्या सवयीने कागद सांभाळणे हेही स्वतंत्र, मानाचे काम असते, हे तिथे मुरले होते. माजलगाव, परळी, अंबाजोगाईच्या वकिलाला दोन्ही कामे एकट्याने करावी लागली. उभे राहून बोलणे लोकांना दिसते, म्हणून नाव त्याचे झाले. कागद मुन्शीवर सोडले गेले.

आमच्या भागाचा इतिहासही इथे लक्षात घ्यावा लागतो. दिंद्रुडच्या शेतकऱ्याला अपिलात दाद मागायला कुठे जावे लागे, याचे उत्तर एका आयुष्यात दोनदा बदलले. निजामाच्या राज्यात वरिष्ठ न्यायालय हैदराबादला आणि कचेरीची भाषा उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ ला राज्य गेले, पण अपिलाची वाट आणखी आठ वर्षे हैदराबादचीच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि वाट मुंबईकडे वळली. पुढची पंचवीस वर्षे गावच्या बांधाचे भांडण अपिलात गेले की मुंबई गाठावी लागे. २७ ऑगस्ट १९८१ ला औरंगाबादला, म्हणजे आजच्या संभाजीनगरला, उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले. त्या निर्णयाला आव्हान मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने तो १९८२ मध्ये कायम केला आणि १९८४ मध्ये खंडपीठाला कायमचे रूप आले.

या बदलाचा पक्षकाराला झालेला फायदा सगळे सांगतात. वकिलीच्या धंद्यावर झालेला परिणाम कमी बोलला जातो. खंडपीठ जवळ आले आणि तालुक्याच्या वकिलाच्या कामाला वरचा मजला मिळाला. आधी अपील म्हणजे फाईल मुंबईला पाठवून विसरून जाणे. आता संभाजीनगरातल्या वकिलाशी रोज बोलणे शक्य झाले. ज्यांनी हे नाते नीट बांधले, खालच्या कोर्टातली निशाणी आणि साक्ष वरच्या वकिलाच्या हातात वेळेवर आणि क्रमवार दिली, त्यांची ऑफिसे वाढली. ज्यांनी फाईल दिली आणि हात झटकले, त्यांचे पक्षकार पुढच्या वेळी थेट संभाजीनगरला गेले.

आता पुस्तकात काय आहे, ते थोडक्यात.

पहिला भाग डायरीचा. वकिली मुदतीवर चालते आणि मुदत कुणाची वाट पाहत नाही. कैफियत ३० दिवसांत, न्यायालयाने वाढवून दिले तर ९० दिवसांत. जिल्हा न्यायालयातले अपील ३० दिवसांत, उच्च न्यायालयातले ९० दिवसांत. चेक परत आल्याचे बँकेकडून कळले की ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, आणि तेही गेले की एका महिन्यात फिर्याद. हे सगळ्यांना पाठ असते. पाठ असते म्हणूनच चुकते.

एक चूक माझी स्वतःची सांगतो. जमिनीच्या एका दाव्यात अपील करायचे होते. नक्कल कधी मिळाली आणि मुदत कधी संपते, हे मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिले. महिना संपला, मुलाने पान उलटले, आणि तारीख भिंतीकडे तोंड करून बसली. पुढे विलंब माफीचा अर्ज केला, तो मंजूर झाला, खर्च मी खिशातून भरला. पक्षकार मला काही बोलला नाही. पण अर्जावर सही करताना त्याने कारण वाचायला सांगितले, आणि आपल्या सात एकरांची राखण एक कॅलेंडर करत होते, हे त्याला माझ्या तोंडून ऐकावे लागले. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात मुदतीची वही वेगळी आहे. नोंद दोघे करतात, मुदतीच्या १५ दिवस आधी आणि ७ दिवस आधी अशी दोनदा तपासतात. मोबाइलमध्येही नोंद असते, पण वही राहिलीच.

आमच्याकडच्या डायरीला आणखी एक रकाना लागतो. तो मुंबईच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही : हंगामाचा. दिवाळीच्या आगेमागे आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात, आणि गाळप संपून पट्टा पडल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या काळात साक्षीदार गावात नसतो, आरोपी तारखेला येत नाही, वॉरंट निघते, आणि मुकादमाकडून उचल घेतलेला माणूस फडावर कोयता टाकून येऊ शकत नाही. ज्या ऑफिसाला पक्षकाराचा हंगाम माहीत असतो, ते दसऱ्याच्या आधीच न्यायालयाला कारण सांगून साक्षीची तारीख पुढची मागते, गैरहजेरी माफीचा अर्ज तयार ठेवते, गड्याचा फडावरचा फोन नंबर लिहून घेते. हे व्यवस्थापन शिकायला कुठल्याही संस्थेत जावे लागत नाही. पक्षकाराला पहिल्याच भेटीत विचारायचे, "दिवाळीनंतर कुठं असता?"

दुसरा भाग फायलीचा आहे आणि त्याचे पहिलेच वाक्य आहे : फाईल पक्षकाराची. फी थकली म्हणून कागद अडवून ठेवण्याची जुनी खोड सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात मोडून काढली. फीसाठी वकिलाला पक्षकाराच्या कागदांवर हक्क सांगता येत नाही. हे मनात ठेवले की फाईल लावण्याची रीतच बदलते. ती आपल्या आठवणीसाठी लावायची नसते. उद्या ती दुसऱ्याच्या हातात गेली तर त्याला अर्ध्या तासात प्रकरण समजले पाहिजे, अशी लावायची असते. सर्वांत वर एका पानाचा गोषवारा, त्याखाली तारखांचा क्रम, मग दावा, कैफियत, निशाण्या, साक्षी. मूळ खरेदीखत किंवा जुना फेरफार घेतला असेल तर पोच दिलेली असावी. हा भाग रूक्ष आहे. तरी वाचकाने तो गाळू नये, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

फायलीचा आणि मृत्यूचाही संबंध आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे वकील वारला की त्याचे वकीलपत्र संपते. भागीदारी कायद्याप्रमाणे, करारात वेगळे लिहिले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्मच विसर्जित होते. १९३२ चा हा कायदा उघड सांगतो, की लिहून ठेवा. तालुक्यात दोन मित्र किंवा काका-पुतणे एका पाटीखाली वीस वर्षे काढतात, पण करार लिहायचा म्हटले की अविश्वास दाखवल्यासारखे वाटते. दुसऱ्यांच्या वाटण्या करणारे आपण, स्वतःची वाटणी तोंडी ठेवतो. १९१७ साली मुंबईत सुरू झालेली अमरचंद मंगलदास देशातल्या मोठ्या फर्ममध्ये गणली गेली, आणि २०१५ मध्ये दोन भावांत विभागली. तिथेही प्रश्न तोच होता : नाव कुणाचे, माणसे कुणाची, पक्षकार कुणाचा. दोघांच्या ऑफिसालाही हे तीन प्रश्न चुकत नाहीत. म्हणून वकीलपत्रावर ऑफिसातल्या किमान दोघांची नावे असावीत, आणि करारात मृत्यू, आजारपण व वेगळे होणे यांची कलमे असावीत, असा माझा आग्रह आहे.

तिसरा भाग पैशाचा. इथे मी थोडा कडक झालो आहे. माजलगाव धरणाच्या वेळी आणि जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यातल्या कालव्यांसाठी या भागातल्या जमिनी गेल्या. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली वाढीव मावेजाचे दावे पिढीभर चालले. दुसरीकडे ऊसतोडीच्या ट्रॅक्टरांचे, ट्रकांचे अपघात. मोटार वाहन कायदा मृताच्या वारसाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दावा करू देतो, त्यामुळे दूरच्या रस्त्यावर गेलेल्या माणसाची भरपाई इथल्या न्यायाधिकरणात मागता येते. १ एप्रिल २०२२ पासून अशा अर्जाला सहा महिन्यांची मुदतही कायद्यात आली आहे. या दोन प्रकारच्या दाव्यांनी आमच्या भागातली बरीच ऑफिसे उभी केली, आणि याच दाव्यांनी टक्केवारीचा रोगही आणला. 'आता काही देऊ नका, मिळाल्यावर इतके टक्के' हे वाक्य गरिबाला दयेचे वाटते. बार कौन्सिलच्या नियमांना ते मान्य नाही. निकालावर अवलंबून फी ठरवणे आणि मिळालेल्या रकमेत वाटा घेणे, दोन्हींना बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच मुंबईच्या एका ज्येष्ठ वकिलाच्या प्रकरणात हे गैरवर्तन ठरवले. २०१७ मध्ये बी. सुनीता प्रकरणात, अपघाती भरपाई मिळालेल्या विधवेकडून टक्केवारीच्या फीपोटी घेतलेला चेक आणि त्यावरची फिर्याद न्यायालयापुढे आली. न्यायालयाने ती फिर्याद रद्द केली.

मग गरीब पक्षकाराचे काय करायचे? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. मी तीन वाटा सुचवल्या आहेत. फी आकड्यात ठरवावी, लिहून द्यावी, आणि टप्प्याटप्प्याने, हंगामाचे पैसे हातात येतील तेव्हा घ्यावी. ज्याला तेही जमणार नाही त्याला तालुका विधी सेवा समितीकडे स्वतः घेऊन जावे. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार यांना मोफत वकिलाचा हक्क दिला आहे, आणि तो सांगितल्याने आपले गिऱ्हाईक तुटत नाही. तिसरी वाट म्हणजे वर्षाला ठरावीक प्रकरणे विनाफी घ्यावीत आणि त्यांची फाईल बाकीच्यांसारखीच लावावी. विनाफीची फाईल पातळ दिसू लागली की समजावे, ऑफिसात भेदभाव शिरला.

पक्षकाराच्या पैशाचा हिशेब वेगळा ठेवणे हे नियमाने बंधनकारक आहे. कोर्ट फी स्टॅम्प, नकला, समन्सचा खर्च आणि आपली फी एका खिशात गेली की भांडण ठरलेले. पावती द्या. पावतीची कुणाला सवय नाही, म्हणूनच ती देणाऱ्याचे नाव गावात होते.

गावात नाव होणे, एवढीच जाहिरात आपल्याला मोकळी आहे. वकिलाने जाहिरात करू नये, पाटी बेताच्या आकाराची असावी, असा नियम आहे. २००८ च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद, शिक्षण, कामाची क्षेत्रे एवढी माहिती द्यायला परवानगी मिळाली. वकील नसलेल्याशी फी वाटून घेण्यालाही बंदी आहे, म्हणजे गिऱ्हाईक आणून देणाऱ्या मध्यस्थाला वाटा देता येत नाही. वकील कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने अशा दलालांची यादी करण्याचा अधिकार न्यायालयांना दिला आहे. नवख्याला हे हातपाय बांधल्यासारखे वाटते. पण दिंद्रुडसारख्या गावात नाव कसे पसरते, ते बघा. एस.टी.तून उतरलेला माणूस पारावर बसतो आणि कुणीतरी विचारतेच, "काय झालं कोर्टात?" त्याला जे उत्तर देता येईल, ती आपली जाहिरात. 'तारीख मिळाली' म्हणाला तर एक, आणि 'आज समोरच्याचा उलटतपास अर्धा झाला, उरलेला पंचवीस तारखेला' म्हणाला तर दुसरी. ते वाक्य त्याच्या हातात कागदावर लिहून देणे हे ऑफिसचे काम आहे.

आणि आता ते जास्तच निकडीचे झाले आहे. पूर्वी पुढची तारीख फक्त वकिलाला कळे आणि ती विचारायला पक्षकाराला यावे लागे. आज त्याचा पुतण्या सोळा अक्षरी सी.एन.आर. क्रमांक टाकून ई-कोर्टच्या अॅपवर गावात बसून तारीख पाहतो. तारीख सांगण्याची मक्तेदारी गेली. तारखेला काय घडले, का घडले आणि पुढे काय करायचे, हे समजावून सांगणारा मात्र अॅपमध्ये नाही. ज्या ऑफिसाला हे कळले त्याला तंत्रज्ञानाची भीती नाही.

शेवटचा भाग ज्युनिअरांचा, आणि तो लिहिताना मला स्वतःची लाज वाटली. तालुक्याला ज्युनिअरला पगार देत नाहीत. 'शिकायला मिळते की' म्हणतात, आणि मीही म्हणालो आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. ही रक्कम लगेच सगळ्यांना झेपेल, असे नाही. पण शून्य आणि पंधरा हजार यांच्या मधे बरीच जागा आहे. घरचे पैसे संपले की हुशार पोरे, आणि त्यांच्याआधी हुशार पोरी, काळा कोट उतरवून स्पर्धा परीक्षेच्या वर्गात जाऊन बसतात. ज्या मुलीने दोन वर्षे आपल्या फायली लावल्या ती गेली, की ऑफिसची निम्मी स्मरणशक्ती जाते.

मुंबईत जमशेदजी कांगा यांच्या चेंबरमधून नानी पालखीवाला, फली नरिमन, सोली सोराबजी पुढे आले. कांगांचे नाव आज त्यांच्या कज्ज्यांपेक्षा या माणसांमुळे जास्त निघते. आपल्या ऑफिसातून कोण बाहेर पडले, हाही वाढीचा एक हिशेब आहे. त्यासाठी ज्युनिअरला नुसती तारीख घ्यायला उभे करून भागत नाही. छोटा उलटतपास, एखादा अंतरिम अर्जाचा युक्तिवाद, पक्षकाराशी पहिली बोलणी, हे त्याच्या हाती द्यावे लागते. पक्षकार सुरुवातीला कुरकुरतो, त्याला साहेबच हवे असतात. त्याची समजूत घालणे हे साहेबांचे काम, ज्युनिअरचे नाही.

या पुस्तकात नाही ते काय, हेही सांगून टाकतो. न्यायाधीशांशी, पोलिसांशी, पुढाऱ्यांशी ओळख कशी वाढवावी, यावर एक ओळ नाही. ती वाट आहे, तिच्यावरून गेलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत आणि त्यांचे ऑफिस सत्ता बदलली की कसे ओस पडते, तेही पाहिले आहे. परदेशी फर्मबद्दलही फारसे नाही. बार कौन्सिलने त्यांना मर्यादित दार उघडले आहे. पण बांधाच्या भांडणाला लंडनचा वकील येणार नाही.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचले पाहिजे, असे नाही. ज्याची सनद नवी आहे त्याने डायरी आणि फाईल यांपासून सुरुवात करावी. ज्याला वीस वर्षे झाली त्याने आधी करारावरचा मजकूर आणि ज्युनिअरांचा भाग वाचावा, कारण त्याला वेळ कमी आहे. मुन्शीनेही वाचावे. भाषा त्याच्यासाठीच सोपी ठेवली आहे, कारण पक्षकार दारात येतो तेव्हा पहिला वकील तोच असतो.

पुस्तकाचा कच्चा खर्डा झाला तेव्हा दोन दिवस खंडपीठात कामाला गेलो होतो. परत आल्यावर वहीत मुन्शीच्या अक्षरातली नोंद दिसली. दिंद्रुडचे एक वयस्क पक्षकार येऊन गेले होते. मी काही विचारायच्या आधीच मुन्शीने सांगितले, की त्यांना आल्या आल्या म्हणालो, "आबा, साहेब बाहेरगावी गेलेत. बसा, तुमची फाईल काढतो." मग ज्युनिअर त्यांना घेऊन कोर्टात गेली, साक्ष झाली, आणि दुपारच्या गाडीने आबा परत गेले. त्यांनी माझी चौकशीही केली नव्हती. क्षणभर मन खट्टू झाले, हे खरे आहे. मग मी वहीतल्या नोंदीखाली सही केली.

दिंद्रुड, ता. माजलगाव, जि. बीड